‘गटात सहा जनावरं’ हा नियम आला कुठून?

पशुवैद्यकीय पदव्युत्तर संशोधनाच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास असतं: ‘प्रत्येक गटात सहा जनावरं घेतली जातील.’ सहाच का? तर आधीच्या प्रबंधात सहा होती म्हणून! संख्याशास्त्रात असा नियम नाही.

संख्या ठरते ती जनावरा-जनावरांत मुळात किती तफावत आहे (प्रमाण विचलन) आणि किती फरक पकडायचाय यावरून. दोन गटांसाठी ढोबळ सूत्र: विचलनाला फरकाने भागा, वर्ग करा, १६ने गुणा. यात ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं ठरण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) गृहीत आहे.

समजा, गायींच्या रोजच्या दुधाचं विचलन २ लिटर आहे आणि नव्या खुराकाने २ लिटरची वाढ अपेक्षित आहे. मग गटात १६ गायी लागतात. १ लिटरचा फरक पकडायचा तर ६४! सहाच गायी घेतल्या, तर सव्वातीन लिटरांच्या आतला फरक पकडण्याची ८० टक्के शक्यताही राहत नाही; तो निसटला, तर चांगला खुराक विनाकारण बदनाम होतो. विचलनाचा आकडा त्याच जातीच्या जुन्या नोंदींतून घ्यावा. मध्येच गळणाऱ्या जनावरांसाठी १० टक्के जादा धरावीत.

कोंबड्यांच्या प्रयोगात उलटी गफलत होते. एकेका खाद्यासाठी ३ कप्पे, प्रत्येकात २० पिल्लं; खाद्य मात्र कप्प्याला एकत्र. इथे मोजायचं एकक पिल्लू नव्हे, कप्पा; म्हणून नमुना ६० नव्हे, ३ आहे.

प्राणी नैतिकता समितीच्या ‘फॉर्म बी’मध्येही (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) जनावरांच्या संख्येचं समर्थन मागतात. तिथे हे गणितच लिहावं.