36 म्हणजे कशाचं 36?
ब्लाऊज शिवायला टाकण्याआधी, आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात आता निम्मी मापं फोनवर येतात. कापड खानापूरहून, निपाणीहून कुणाच्या तरी हाती येतं आणि मागोमाग मेसेज येतो: "छाती 36, कंबर 32, लवकर द्या वहिनी." 36 इंच की आणखी काही, अंगाचं माप की जुन्या ब्लाऊजचं, आजचं की लग्नातलं, यातलं काहीच त्यात नसतं. आम्ही उलटा फोन करून विचारतो तेव्हा काहींना राग येतो. "इतकी वर्षं शिवताय, एवढं कळत नाही?" म्हणून हे पत्रक छापलं आहे. का विचारतो ते एकदा सविस्तर सांगावं म्हणून.

मागच्या लग्नसराईत खानापूरकडच्या एका काकूंनी मुलीचा शालूवरचा ब्लाऊज टाकला. मुलगी जर्मनीत. तिने आईला कळवलं होतं, "छाती 92 आहे, इथे मला 40 नंबर बसतो." काकूंना 92 म्हणजे किती ते उमगेना आणि 40 ऐकून त्या घाबरल्याच. आपली पोरगी 40 इंच झाली हे लोकांना कसं सांगायचं? कॉलेजात असताना तिचा ब्लाऊज 34 होता, तेच त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आम्ही त्या मापाने कापला. लग्न गुरुवारी, पोरगी सोमवारी आली आणि मंगळवारी संध्याकाळी ट्रायलला पडद्यामागे उभी राहिली. वरचे दोन हुक कसेबसे लागले, खालच्या तिघांत आणि काजांत अंगठा जाईल एवढी फट. ती काही बोलली नाही. पदर पुढे ओढून आरशाकडे पाठ करून उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "मी खूपच जाड झालेय ना?"

ती जाड नव्हतीच. 92 सेंटीमीटरला 2.54 ने भागा, 36 इंच आणि 2 सूत येतात (एका इंचात 8 सूत). सडपातळ नाही, जाडही नाही, आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारी मापं याच्याच आसपासची. चुकलं होतं ते चिठ्ठीवरचं 34, आणि त्या आकड्यापायी तिने स्वतःच्या अंगाला दोष दिला. त्या रात्री आम्ही दोन्ही बाजू उसवून माया (शिवणीत आत ठेवलेलं जादा कापड) सोडली, मुंढा (बाही जोडतो तो काखेचा घेर) पुन्हा बसवला आणि टक्सची (छातीच्या फुगवट्यासाठी घातलेल्या चुण्यांची) टोकं सरकवली. साडेबारा वाजले. ब्लाऊज बसला, पण ब्रोकेडवर जुन्या शिवणीची भोकं काखेजवळ राहिलीच.

तिच्या 40 नंबरचंही सांगते, कारण हल्ली ऑनलाइन कपडे मागवणाऱ्या सगळ्याच पोरी यात अडकतात. तो 40 इंचही नाही आणि सेंटीमीटरही नाही. तो नुसता साच्याचा नंबर आहे. जर्मनीत ज्या कपड्यावर 40 असतं, साधारण त्याच मापावर फ्रान्समध्ये 42, इटलीत 46, ब्रिटनमध्ये 14 आणि अमेरिकेत 10 छापतात. बाई एक, अंग एक, आकडे पाच. अमेरिकेत 1939-40 साली सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली गेली, त्यावरून 1958 साली सरकारी नंबर ठरले, आणि 1983 साली तो नियमच मागे घेतला गेला. तेव्हापासून तिथली प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नंबर लावते. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान नंबर घालायची पद्धतही पडली आहे. असा नंबर वाढला म्हणून रडू नका आणि कमी झाला म्हणून हुरळूनही जाऊ नका. आम्हाला तर तो कळवूच नका.

आतल्या कपड्याच्या लेबलावरचा नंबर सांगणाऱ्याही पुष्कळ जणी. 34बी मधलं 34 हे छातीच्या खालच्या पट्ट्याचं असतं, भरल्या छातीचं माप त्याहून साधारण दोन इंच जास्त येतं. (युरोपात त्याच पट्ट्याला 75 म्हणतात, फ्रान्समध्ये 90.) 34 धरून ब्लाऊज कापला तर तो तुमच्या अंगावर नीट बसणारच नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र या सगळ्यांहून साधी आहे. बायका माप कमी करून सांगतात. टेप लावली की पोट आत ओढतात, श्वास धरतात. फोनवर सांगताना साडेअडतीसचं 37 करतात. "लग्नापर्यंत दोन इंच उतरेल बघा," म्हणतात. कारण आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे घरात पाय ठेवायच्या आधी मावशी म्हणते, "जाड झालीस की गं!" आणि शेजारच्या अक्का तेच कानडीत म्हणतात, "दप्प आगीरी." दोघी मायेनेच म्हणतात, पण ऐकणारीच्या मनात ते घर करून बसतं आणि मग टेप ही तिला शिक्षा वाटते. कापडाच्या दुकानातही हेच. पन्हा (कापडाची रुंदी) 36 इंची असेल आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल तर आम्ही मीटरभर ब्लाऊजपीस घ्यायला सांगतो, कारण 80 सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंचच भरतात. खडेबाजारात जाऊन ताई 80 च घेऊन येतात. "मला पुरतं," म्हणतात. मग बाहीला जोड द्यावा लागतो, आणि तो जोड सगळ्यांना दिसतो.

घट्ट ब्लाऊजमध्ये कुणी बारीक दिसत नाही. पाठीवर वळ्या येतात, मुंढ्यात कापड रुततं, हात वर केला की खालची पट्टी वर सरकते. खऱ्या मापाचा ब्लाऊज घातलेली बाईच अंगाने नीट दिसते. हे आम्ही आरशासमोर रोज बघतो.

मापाबाबत आमच्याकडे लाज वाटावी असं काही घडू नये याची आम्ही काळजी घेतो. माप बायकाच घेतात, पडद्याआड. आकडा मोठ्याने कुणी पुकारत नाही, टेप धरणारीच तो वहीत लिहिते. ती वही काउंटरवर पडून राहत नाही. नवरा आला, सासू आली, तरी तुमचं माप त्यांना सांगत नाही. "बाईसाहेबांचं किती?" असं विचारणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. त्याबद्दल काही जण नाराज होऊन गेले आहेत. पद्धत बदलणार नाही.

आता पाठवायचं कसं ते. आपल्याकडे मापांचा गुंता जुनाच आहे. मेट्रिकचा कायदा 1956 साली झाला, कापड मीटरवर मिळतं, तरी नऊवारी अजून वारातच राहिली (नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर), जागा गुंठ्यावर, सोनं बोलायला तोळ्यावर, आणि फूलवाली 'एक मोळ' म्हणून स्वतःच्या हाताने, कोपरापासून बोटांपर्यंत, माळ मोजून देते. टेपला दोन बाजू असतात, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. कोणतीही चालेल, पण आकड्यापुढे तसं लिहा. इंचात असेल तर सूतही लिहा. कॅल्क्युलेटरवरचं 36.5 म्हणजे साडेछत्तीस, म्हणजे 36 आणि 4 सूत. पण पुष्कळ जणी 36 आणि 5 सूत असेल तरी 36.5 असंच लिहितात. त्यामुळे "साडे", "पाव", "5 सूत" असं अक्षरात लिहिलेलं बरं.

माप अंगाचंच घ्या. जो आतला कपडा ब्लाऊजखाली घालणार तोच घालून, टेप पाठीमागे खाली घसरू न देता, छातीच्या भरल्या भागावरून, नेहमीसारखा श्वास घेत. स्वतःचं स्वतः घेऊ नका, हात वर गेला की आकडा बदलतो. बहिणीला, जावेला सांगा. आणि त्यात एकही इंच वाढवू किंवा कमी करू नका. अंग 36 असेल तर आम्हीच ब्लाऊज साधारण 37 चा करतो. तुम्ही जुना ब्लाऊज मोजून 37 कळवलंत आणि अंगाचं की कपड्याचं ते सांगितलं नाहीत, तर आमच्याकडे तो 38 होऊन झोळ पडतो. जुना ब्लाऊज चांगला बसत असेल तर मोजू नका, तोच पाठवून द्या.

आम्ही प्रत्येक कडेला एक इंच माया ठेवतो, बाजारातल्या तयार ब्लाऊजला बहुतेक वेळा एवढी नसते. अस्तरालाही तेवढीच. शिलाई चार पैसे जास्त पडते ती यासाठीच. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वय वाढेल तसं अंग बदलतं, तेव्हा तोच ब्लाऊज पुन्हा उसवून घालता येतो. आमच्या हातून चुकलं तर अल्टरचे पैसे घेत नाही. मुद्दाम कमी सांगितलेल्या मापाचे घेतो, कारण कारागिराची रात्र त्यात जाते.

परदेशातल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या मुलींसाठी व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांत माप घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. समोर आमच्यातलीच एक बाई असते आणि टेप कुठे धरायची ते सांगते. एकदा घेतलेलं माप तारीख घालून वहीत राहतं, पण वर्ष उलटलं की पुन्हा घेतो. घरात टेप नसेल तर दुकानातून एक घेऊन जा, ग्राहकांना फुकट आहे. जुनी कापडी टेप वापरू नका, ती ताणून अर्धा-पाऊण इंच लांबलेली असते.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठीची मापं दिवाळीआधी द्या. ब्रोकेड आणि पैठणीच्या ब्लाऊजची ट्रायल किमान आठ दिवस आधी ठेवू. ट्रायलला जी साडी नेसणार ती आणि आतला कपडा बरोबर आणा.