डोमेन नाव उद्योगातील एकत्रीकरण आणि गुंतवणूक

इंटरनेटवरील डोमेन नावांची नोंदणी आणि विक्री करणाऱ्या अनेक कंपन्या मोजक्या समूहांत विलीन होत जाणे आणि या समूहांची मालकी प्रायव्हेट इक्विटी निधींकडे (गुंतवणूकदारांच्या पैशातून अख्ख्या कंपन्या विकत घेणाऱ्या निधींकडे) जाणे, ही या उद्योगाची २००० नंतरची ठळक प्रवृत्ती आहे. ती समजण्यासाठी धंद्याची रचना आधी पाहावी लागते. एखाद्या प्रत्ययाची, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गची, मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री. ती घाऊक व्यापारी. ग्राहकाला नाव नोंदवून देणारा तो रजिस्ट्रार. तो किरकोळ दुकानदार. सामान्य प्रत्ययांच्या बाबतीत दोघांवर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या ना-नफा संस्थेचे करार बंधनकारक असतात. ‘डोमेन विकत घेतले’ असे आपण म्हणतो खरे, पण ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांच्या भाड्याने मिळते.

गुंतवणूकदारांना नेमके हे भाडेच आवडते. पैसे आगाऊ येतात. नाव एकदा पाट्यांवर, ईमेलवर, ग्राहकांच्या तोंडी बसले की वर्षाला दहा-पंधरा डॉलर वाचवण्यासाठी ते कोणी सोडत नाही. त्याच ग्राहकाला होस्टिंग (संकेतस्थळासाठी सर्व्हरवरची जागा), ईमेल, सुरक्षा प्रमाणपत्रे विकता येतात आणि नफा बहुधा तिथेच असतो. शिवाय दहा लाख नावे सांभाळणारी यंत्रणा एक कोटी नावे सांभाळायला फारसा जास्त खर्च लावत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक एकेक करून ओढण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणे स्वस्त पडते.

या धंद्यात खरे मोल कशाचे, हे नेटवर्क सोल्यूशन्सच्या प्रवासातून दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी झालेल्या करारानुसार १९९३ पासून ही कंपनी डॉट कॉमसह प्रमुख प्रत्ययांची नोंदणी पाहत होती. १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क सुरू झाले. १९९९ मध्ये आयकॅनने इतर रजिस्ट्रारना मान्यता देऊन मक्तेदारी मोडली. पुढच्याच वर्षी, डॉट कॉम फुगवटा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरांची तेजी, ऐन भरात असताना, इंटरनेट सुरक्षा प्रमाणपत्रे विकणाऱ्या व्हेरिसाइनने ही कंपनी सुमारे २,१०० कोटी डॉलरच्या शेअर-व्यवहारात घेण्याचे जाहीर केले. २००३ मध्ये व्हेरिसाइनने तिचा किरकोळ विभाग अवघ्या १० कोटी डॉलरना विकून टाकला आणि घाऊक नोंदवही स्वतःकडे ठेवली. तेव्हा ही माघार वाटली असेल. नंतरच्या हिशेबात तो शहाणपणाचा सौदा ठरला.

डॉट कॉमची १५ कोटींहून अधिक नावे आज व्हेरिसाइनच्या नोंदवहीत आहेत. आयकॅनशी असलेल्या तिच्या करारात मुदत संपल्यावर तो सहसा तिलाच मिळेल असे कलम आहे, त्यामुळे लिलाव होत नाही. सहा वर्षांच्या मुदतीतील शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी कमाल ७ टक्के घाऊक दरवाढीची मुभा असते. २०१२ पासून ७.८५ डॉलरवर गोठवलेला हा दर २०२१ पासून वाढत जाऊन २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. कंपनीचा कार्यचालन नफा महसुलाच्या ६० टक्क्यांहून जास्त असतो. बर्कशायर हॅथवे ही बडी गुंतवणूक कंपनी २०१२ पासून तिची भागधारक राहिली आहे, याचे मग नवल वाटत नाही.

किरकोळ बाजूला नफ्याची टक्केवारी कमी, म्हणून तिथे आकाराची शर्यत. गोडॅडी या रजिस्ट्रार कंपनीत २०११ मध्ये केकेआर, सिल्व्हर लेक आणि टीसीव्ही या निधींनी सुमारे २२५ कोटी डॉलर मूल्यांकनाने बहुसंख्य हिस्सा घेतला. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि २०१७ मध्ये तिने युरोपातील होस्ट युरोप ग्रुप घेतला. नेटवर्क सोल्यूशन्स २०११ मध्ये वेब डॉट कॉमकडे गेली, वेब डॉट कॉम २०१८ मध्ये सिरिस कॅपिटल या निधीकडे. मुंबईत वाढलेल्या डायरेक्टी समूहाचे बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे व्यवसाय २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या होस्टिंग कंपनीने घेतले, आणि एन्ड्युरन्स क्लिअरलेक या निधीने सुमारे ३०० कोटी डॉलरना घेतली. २०२१ मध्ये हे दोन्ही ओघ एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल तयार झाली. २०२३ मध्ये गूगलनेही या धंद्यातून अंग काढून घेतले आणि सुमारे एक कोटी नावे स्क्वेअरस्पेस या संकेतस्थळे बनवून देणाऱ्या कंपनीला सोपवली. पुढल्या वर्षी स्क्वेअरस्पेस पर्मिरा या निधीच्या मालकीची झाली.

हे सगळे ग्राहकाला जाणवत नाही, कारण जुनी पाटी सहसा काढली जात नाही. एका दुकानावर रागावून दुसऱ्यात गेलेला ग्राहक पुष्कळदा त्याच मालकाकडे पोहोचतो. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांची यादी पाहूनही फसगत होते: मुदत संपून सुटलेली नावे क्षणार्धात पकडण्यासाठी काही कंपन्या शेकडो मान्यता बाळगतात, कारण जितक्या मान्यता तितके प्रयत्न करता येतात.

पूर्वी घाऊक आणि किरकोळ धंदा एका हाती ठेवण्यावर निर्बंध होते. आयकॅनने ते २०१० मध्ये उठवले आणि २०१२ मध्ये नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागवले. प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क असूनही १,९३० अर्ज आले. एकट्या डोनट्स कंपनीचे ३०७ होते. तिने २०१७ मध्ये राइटसाइड ही दुसरी रजिस्ट्री कंपनी २१.३ कोटी डॉलरना घेतली. त्याआधी काही महिने राइटसाइडने आपला ईनॉम हा रजिस्ट्रार टुकाऊज या रजिस्ट्रार कंपनीला विकला होता. २०२० मध्ये डोनट्सने अफिलियस ही रजिस्ट्री घेतली, २०२१ मध्ये स्वतः इथॉस कॅपिटल या निधीच्या हाती गेली आणि २०२२ मध्ये आयडेंटिटी डिजिटल झाली. २०२० मध्येच गोडॅडीने न्यूस्टारचा रजिस्ट्री विभाग घेऊन घाऊक बाजारात पाऊल टाकले. डॉट वेब या एका प्रत्ययाचा २०१६ मधील लिलाव १३.५ कोटी डॉलरवर गेला. जिंकणाऱ्या कंपनीमागे पैसा व्हेरिसाइनचा होता हे नंतर उघड झाले आणि वाद अनेक वर्षे रेंगाळला.

गुंतवणुकीला सर्वांत जोरदार विरोध झाला तो डॉट ऑर्गच्या बाबतीत. जून २०१९ मध्ये या प्रत्ययावरील दरमर्यादा हटवली गेली. नोव्हेंबरमध्ये इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने तो चालवणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री इथॉसला ११३.५ कोटी डॉलरना विकण्याचे जाहीर केले. क्रम पाहता संशय येणे साहजिक होते. ज्या सेवाभावी संस्था हा प्रत्यय वापरतात त्याच रस्त्यावर उतरल्या, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतला आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. व्यवहारासाठी काढले जाणारे मोठे कर्ज नोंदवहीच्याच डोक्यावर बसणार होते, हे एक कारण होते.

नावांच्या पुनर्विक्रीचा बाजार याला समांतर चालतो. व्हॉइस डॉट कॉम हे नाव २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना विकले गेले. असे सौदे बातमीत येतात. पुनर्विक्रीसाठी साठवलेली बहुतेक नावे मात्र वर्षानुवर्षे नूतनीकरणाचा खर्च खात पडून असतात. इथेही पेठा मोठ्यांच्या ताब्यात गेल्या: आफ्टरनिक, युनिरजिस्ट्री आणि डॅन डॉट कॉम या तिन्ही गोडॅडीने घेतल्या.

देशांचे प्रत्ययही या ओघात आले आहेत. तुवालूचा डॉट टीव्ही व्हेरिसाइनकडून गोडॅडीकडे गेला. डॉट आयओ चालवणारी कंपनी अफिलियसने २०१७ मध्ये सुमारे ७ कोटी डॉलरना घेतली. ज्या चागोस बेटांच्या नावाने तो मिळाला, त्यांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या ब्रिटनच्या निर्णयाने त्याच्या भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत अँग्विला या छोट्या बेटाला डॉट एआयमधून २०२३ मध्ये सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. २०२४ मध्ये अँग्विलाने तो प्रत्यय चालवण्याचे काम आयडेंटिटी डिजिटलला दिले.