कोडी घालणे

कोडे घालणे हा किमान दोघांचा खेळ आहे. उत्तर ठाऊक असलेला एक जण ते दडवून फक्त खुणा सांगतो आणि बाकीचे त्या खुणांवरून उत्तर काढतात. मराठीतली क्रियापदे या खेळाची मांडणी नेमकी पकडतात. कोडे एकट्याला 'पडते', पण दुसऱ्याला ते 'घालावे' लागते. विचार केला की ते 'सुटते' आणि कुणी आगाऊपणे मध्येच बोलले की उत्तर 'फुटते'. बैठकीत कोडे रंगणे न रंगणे हे कोड्यापेक्षा घालणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. तेच कोडे एकाच्या तोंडून तासभर पुरते, तर दुसऱ्याच्या तोंडून दोन मिनिटांत विझते.

कोड्याला मराठीत उखाणा, आहणा, उमाणा, कूट असेही शब्द आहेत. अहिराणीत 'आन्हा' म्हणतात, तर कोकण-गोव्याकडे 'हुमाण'. (गोव्यातले 'हुमण' वेगळे, ती माशांची आमटी. पाहुण्यांचा घोटाळा होतो.) 'उखाणा' म्हटले की आज लग्नात नाव घेणेच डोळ्यांपुढे येते. जुन्या मराठीत मात्र तो शब्द सरसकट कोड्यालाही चालत असे.

परंपरा

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले 164 वे सूक्त कोड्यांनी भरलेले आहे. बारा आऱ्यांचे न झिजणारे चाक आणि त्यावर जोडीजोडीने उभे असलेले 720 पुत्र, हे त्यातले एक. उत्तर वर्ष: 12 महिने, 360 दिवस आणि 360 रात्री. अश्वमेधातील 'ब्रह्मोद्य' या विधीत ऋत्विज, म्हणजे यज्ञाचे पुरोहित, एकमेकांना 'एकटा कोण फिरतो?' असे प्रश्न घालत. उत्तर सूर्य. महाभारताच्या वनपर्वातले यक्षप्रश्न तर घराघरांत माहीत आहेत.

पुढे संस्कृत साहित्यशास्त्राने याला 'प्रहेलिका' म्हटले. कामसूत्रातील 64 कलांच्या यादीत ती आहे आणि दंडीने काव्यादर्शात तिचे 16 प्रकार सांगितले आहेत. तिचे उपयोगही त्याने मोजून दिले आहेत: क्रीडागोष्ठीतला विनोद, गर्दीत जाणकारांपुरते गुपित बोलणे आणि दुसऱ्याला चकवणे. कोडे मंडळींसाठी असते, हे यातून आपोआप येते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतली (1150) गणितेही कुणाला तरी संबोधून विचारलेली आहेत. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीवर गेले, थव्याचे आठ-नवमांश त्यांच्यामागे गेले, एक भुंगा कमळात अडकला आणि एक भुंगी बाहेर गुणगुणत राहिली, तर थवा केवढा? उत्तर 72: निम्मे 36, त्याचे वर्गमूळ 6, आठ-नवमांश 64 आणि वरचे 2. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

मराठी संतांनी कूट अभंग रचले. ज्ञानदेवांच्या नावाने गायला जाणारा, काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचा अभंग अजूनही कीर्तनात ऐकू येतो. शाहिरीत याचा सामना झाला. शाहिरांचे दोन पक्ष: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने भेदिक लावणीतून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने जवाब पद्यातच द्यायचा. हजरजबाबीपणाबरोबर पुराणांची माहिती नसेल, तर इथे टिकाव लागत नसे.

लोककोड्याची घडण

सूपभर लाह्या, त्यात एक रुपया. उत्तर चांदण्या आणि चंद्र. घरात, शेतात, चुलीपुढे रोज दिसणारी वस्तू दुसऱ्याच रोजच्या वस्तूच्या रूपात मांडायची, एवढेच यात केलेले असते. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' यात आकड्याची खूण आहे, म्हणून ते लवकर सुटते. 'लाल गाय लाकूड खाय, पाणी पाजलं तर मरून जाय' हे घडणीने अधिक पक्के, कारण त्यात विरोध आहे. गाय पाणी पिऊन मरत नाही, तेव्हा ही गाय नव्हे, इथून विचार सुरू होतो आणि विस्तवापाशी येऊन थांबतो. चांगल्या कोड्यात एक तरी अशी खूण हवी, जी वरवरचा अर्थ मोडून टाकते. ती नसेल तर ऐकणारे पाचपन्नास उत्तरे देतात आणि सगळीच बरोबर वाटू लागतात.

'तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई' याचे उत्तर चूल आणि तवा. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलांना ते सुटत नाही. त्यात मुलांचा दोष नाही, वस्तूच नजरेआड गेली आहे. अशी कोडी घालताना चुलीचे तीन खूर आधी कधीतरी बोलण्यात आणून ठेवावे लागतात. नवी कोडीही याच साच्यात तयार होतात. चार आड बिनपाण्याचे, अठरा चोर, एक राणी आणि सर्वांना मारून आडात टाकणारा शिपाई: हा कॅरम. दोन्ही रंगांच्या मिळून 18 सोंगट्या, एक राणी, चार भोके आणि स्ट्रायकर, हिशोब चोख बसतो.

अंकांची कोडी

एक पक्षी उडत्या थव्याला म्हणतो, 'नमस्कार, शंभर जणहो.' थवा म्हणतो, 'आम्ही शंभर नाही. आम्ही, आमच्याएवढे आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव आणि तू, असे मिळून शंभर.' उत्तर 36 (36 + 36 + 18 + 9 + 1). बीजगणित येणारा हे लगेच सोडवून गप्प बसतो आणि मजा जाते. त्याला उत्तर कानात सांगायला लावून पुढच्या खुणेचे काम द्यावे, हा जुना आणि खात्रीचा उपाय. बीजगणिताशिवायही वाट आहे: थव्याला चौथा भाग पडतो, म्हणजे संख्या 4 ने भाग जाणारी. 'तू' वगळला की 99 उरतात आणि त्यात थव्याच्या पावाचे 11 भाग आहेत. एक भाग 9, चार भाग 36.

बैठकीसाठी त्याहून सरस कोडे दगडाचे. वाण्याचा एक मणाचा, म्हणजे 40 शेरांचा, दगड पडून चार तुकडे झाले, आणि त्या चार तुकड्यांनी त्याला 1 ते 40 पर्यंतचे कोणतेही पूर्ण शेर तोलता येऊ लागले. तुकडे किती किती शेरांचे? बहुतेक मंडळी 1, 2, 4, 8 अशी दुप्पट करत जातात. त्या वाटेने 40 पर्यंत पोहोचायला सहा वजने लागतात, म्हणून चारात बसत नाही आणि 'कोडेच चुकलेय' असा गलका होतो. अडते ते एका न बोललेल्या समजुतीपाशी: वजने एकाच पारड्यात ठेवायची, असे कोड्यात कुठेही म्हटलेले नाही. मालाच्या पारड्यातही वजन टाकता येते हे लक्षात आले की तुकडे 1, 3, 9, 27 असे निघतात. 5 शेरांसाठी एका पारड्यात 9 आणि मालासोबत 3 व 1. 20 साठी एकीकडे 27 व 3, मालासोबत 9 व 1. घालणाऱ्याने 'दोन्ही पारडी' हे शब्द शेवटच्या खुणेसाठी राखून ठेवायचे असतात. आधी नुसते 'ताजवा डोळ्यांपुढे आणा' म्हणावे.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा एकेक करून नावेतून पलीकडे न्यायचे कोडे युरोपात लांडगा, शेळी आणि कोबी घेऊन फिरते. अल्क्विन या पंडिताच्या नावावरच्या मध्ययुगीन लॅटिन संग्रहात ते आहे. सात फेऱ्या लागतात. शेळी नेली, रिकामे परत, वाघ नेला, इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच फसतात, कारण नेलेली शेळी परत आणणे म्हणजे काम बिघडवणे वाटते. आगपेटीच्या काड्या किंवा तीन वाट्या घेऊन प्रत्यक्ष हलवायला दिले की लहान मुलांना ते मोठ्यांआधी सुटते.

देवळालीचे शिक्षक-गणिती द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये मांडलेला 6174 हा अंक कोडे नव्हे, पण दहाबारा जणांना एकदम गुंतवायला उत्तम. प्रत्येकाने चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. सातव्या पायरीपर्यंत सगळे 6174 वर येतात. 3524 घेतल्यास 3087, 8352, 6174. चूक होते ती ठरलेली: पुढचे शून्य गाळणे. 2111 मधून 1112 वजा केल्यावर 999 येतात, ते 0999 असेच धरावे लागतात. शून्य सोडले तर पुढच्या वजाबाकीत उत्तर 0 येऊन तो गडी बाद.

पाच टोप्यांचा खेळ

तर्काचे कोडे समूहात कसे चालते, हे टोप्यांच्या कोड्यात सर्वांत स्वच्छ दिसते. साहित्य: सारख्या आकाराच्या तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या टोप्या, एक पिशवी. क, ख, ग असे तिघे एकामागे एक बसतात. सर्वांत मागे ग, त्याला पुढचे दोघे दिसतात. ख ला फक्त क दिसतो. क पुढे, त्याला कुणीच दिसत नाही. टोप्या किती व कोणत्या, हे तिघांना माहीत असते. डोळे मिटवून टोप्या घालतात, उरलेल्या दोन पिशवीत जातात. मग मागून पुढे विचारायचे: तुझी टोपी कोणत्या रंगाची?

ग 'माहीत नाही' म्हणाला, तर पुढच्या दोघांपैकी निदान एकाची टोपी पांढरी आहे, कारण दोन काळ्या दिसल्या असत्या तर त्याला आपली पांढरी कळली असती. हे ऐकून ख ने क कडे पाहिले. क ची टोपी काळी असती तर ख ला आपली पांढरी कळली असती. तोही 'माहीत नाही' म्हणाला. आता काहीही न दिसणारा क छातीठोकपणे सांगतो, 'माझी पांढरी.' ज्याला सर्वांत कमी दिसते त्याला उत्तर मिळते, या उलटेपणात याची गोडी आहे.

टोप्या कशाही वाटल्या तरी तिघांपैकी एकाला उत्तर कळतेच, त्यामुळे खेळ फुकट जात नाही. तो बिघडतो तो ग च्या आळसाने. पुढे दोन काळ्या असताना त्याने विचार न करता 'माहीत नाही' म्हटले की ख त्यावर विसंबून 'माझी पांढरी' म्हणतो आणि तोंडघशी पडतो. ग च्या जागी नवखा बसवू नये आणि त्याला पुरते एक मिनिट द्यावे. दुसरी खोड बघ्यांची: कुणीतरी हसतो आणि रंग फुटतो. बघ्यांना तिघांच्या मागे बसवावे.

होय-नाहीची कोडी

यात घालणारा एक अर्धवट प्रसंग सांगतो आणि बाकीचे प्रश्न विचारून तो पुरा करतात. उत्तरे तीनच: होय, नाही, संबंध नाही. उदाहरणार्थ, भर दुपारी एक माणूस काळोख्या खोलीत शिरतो, तिथे रडतो आणि तीन तासांनी खुशीत बाहेर येतो. 'आत तो एकटाच होता?' नाही. 'इतरही रडले?' होय. 'त्याचे वय महत्त्वाचे?' संबंध नाही. 'आत जायला पैसे मोजले?' होय. इथे कुणीतरी 'सिनेमा!' ओरडतो.

चार ते आठ जण असले की हे छान चालते. दहाच्या वर गेले की दोन-तीन बोलके गडी खेळ ताब्यात घेतात, तेव्हा पाळीने प्रश्न घ्यावेत. 'संबंध नाही' हे उत्तर फार जपून वापरायचे असते. चुकून दिले तर मंडळी बरोबर वाट सोडून देतात आणि नंतर 'तूच फसवलंस' अशी रास्त तक्रार येते. प्रश्नात दोन गोष्टी असतील तर उत्तर न देता प्रश्न तोडून मागावा. सतत पाचसहा 'नाही' आले की एक खूण द्यावी.

ज्याने कोडे आधी ऐकले आहे त्याने सुरुवातीलाच सांगावे, ही या खेळातली एकमेव सभ्यता. ते न सांगता विचार केल्याचे सोंग करणारे प्रत्येक बैठकीत एखाददुसरे असतात.

छापील कोडी आणि बक्षिसे

शब्दकोड्याचा आजचा प्रकार आर्थर विन यांच्या 21 डिसेंबर 1913 च्या न्यूयॉर्क वर्ल्डमधील कोड्यापासून धरतात. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी घरात आडवे एकाने आणि उभे दुसऱ्याने अशी वाटून सोडवली जातात. मराठीत चौकोनात अक्षर भरताना काना, मात्रा, वेलांटी अक्षराबरोबरच येतात, म्हणून आडव्या शब्दातला 'कि' उभ्या शब्दात 'की' होऊन चालत नाही. बहुतेक खाडाखोड ऱ्हस्व-दीर्घामुळे होते.

बक्षिसाच्या कोड्यांचा इतिहास मात्र मुंबईला चिकटलेला आहे. 1940-50 च्या दशकांत मोठ्या रकमांच्या स्पर्धा चालत. एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच बसतील अशा खुणा देत आणि 'बरोबर' शब्द आधीच ठरवून ठेवलेला असे, म्हणजे बुद्धीपेक्षा नशीबच. मुंबई राज्याने 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवला. बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले, पण 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी 1955 च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांतली बक्षिसे महिन्याला 1000 रुपयांवर आणि प्रवेशिका 2000 वर मर्यादित केल्या होत्या. खऱ्या बुद्धिकौशल्याची कोडी यातून सुटली, कारण न्यायालयाने हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच लागू असल्याचे म्हटले.