मैदानावर असून नसल्यासारखा

‘विंगर आज दिसलाच नाही’ ही फुटबॉलमधल्या कडेने खेळणाऱ्या आक्रमकाबद्दलची तक्रार हल्ली दर सामन्यानंतर ऐकू येते आणि ती शिवीच्याच सुरात केलेली असते. सत्तर वर्षांपूर्वी विंगवरचा माणूस तासभर दिसला नाही तर कुणाला फारसं नवल वाटत नसे. काही वेळा तर त्याला न दिसण्यासाठीच तिथे पाठवलेलं असे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १८६३ च्या इंग्लिश नियमावलीत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक जण ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, होता, त्यामुळे गोलपाशी जाऊन रेंगाळायची सोयच नव्हती. १८६६ मध्ये पुढे गेलेला खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल, अशी अट आली. १९०७ मध्ये स्वतःच्या अर्ध्या मैदानातला ऑफसाइड गेला आणि १९२५ मध्ये तिनाचे दोन झाले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजन या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते, ते पुढच्याच हंगामात १७०३ झाले. या गोलवर्षावाने हादरलेल्या संघांनी मधला हाफबॅक (मधल्या फळीतला खेळाडू) मागे खेचून पक्का बचावपटू केला. विंगर टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून राहिला. चेंडू आला की पळायचं, नाही आला तर थांबायचं.

बदली खेळाडू मिळत नसत, तेव्हा या थांबण्याला वेगळंच मोल होतं. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू आला १९६५ मध्ये, तोही सुरुवातीला फक्त दुखापत झाली तरच. त्याआधी कुणी लंगडायला लागला तर त्याला विंगवर धाडत. गल्लीतल्या खेळात कच्च्या लिंबूला कडेला उभं करतात, तसंच हे. संख्या भरते आणि प्रतिस्पर्ध्याचा एखादा माणूस त्याच्यापाशी अडकून राहिला तर तेवढाच फायदा.

पण कच्चा लिंबू कधीकधी खेळून जातो. १९५३ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बोल्टनचा डावा हाफबॅक पहिल्या अर्ध्यातच जायबंदी झाला आणि त्याला डाव्या विंगवर नेऊन ठेवलं. उत्तरार्धात त्याच लंगड्या गड्याने हेडर (डोक्याने चेंडू) मारून बोल्टनला ३-१ अशी आघाडी मिळवून दिली. पुढे सामना फिरला आणि ब्लॅकपूल ४-३ ने जिंकलं. त्या विजयाचं श्रेय आजही ब्लॅकपूलच्या उजव्या विंगरला देतात. त्याच्या समोरची बोल्टनची बाजू मुळातच लुळी पडली होती, हे सांगताना मात्र लोक आवाज जरा खाली आणतात. १९५७ च्या अंतिम सामन्यात तर सहाव्या मिनिटाला मँचेस्टर युनायटेडच्या गोलकीपरचं गालफड मोडलं. हाफबॅक गोलमध्ये उभा राहिला आणि गोलकीपर नंतर परत येऊन उजव्या विंगवर खेळला. युनायटेड १-२ ने हरलं. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध पायाचं हाड मोडलेला फ्रेंच सेंटर-हाफही (मधला बचावपटू) असाच विंगवर खुरडत राहिला. ब्राझील ५-२ ने जिंकलं.

१९६६ मध्ये यजमान इंग्लंडने ही जागाच काढून टाकली. गटातल्या तिन्ही सामन्यांत त्यांनी दरवेळी वेगळा विंगर खेळवून पाहिला आणि उपांत्यपूर्व फेरीपासून एकही नाही. विश्वचषक जिंकल्यावर या पद्धतीची नक्कल सगळीकडे झाली. सत्तरच्या दशकात डच संघाने प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असताना सगळ्यांनीच धावायचं, हा धडा घालून दिला. आजच्या प्रेसिंगमध्ये, म्हणजे चेंडू परत मिळवायला प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडण्याच्या पद्धतीत, तर विंगर हा पहिला बचावपटू असतो. गोलकीपरची सुटका १९९२ मध्ये संपली. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे जेमतेम २.२१ गोल झाले होते. बचावपटूने मागे ढकललेला चेंडू हातात घेऊन वेळ काढण्याचा सगळ्यांनाच वीट आला होता. सहकाऱ्याने पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली आणि गोलकीपरला पायाने खेळायला शिकावं लागलं.

थोडक्यात, मैदानावर लपायच्या जागा एकेक करून बुजल्या. एक जागा मात्र नियमानेच उघडून दिली आणि तिच्यावरून भांडण अजून मिटलेलं नाही.

ऑफसाइड जागी नुसतं असणं हा गुन्हा नाही, हे १९०३ पासून नियमात आहे. पण व्यवहारात रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर जायचाच. ‘ज्याचा खेळाशी संबंध नाही, तो मैदानावर करतोय काय?’ हा टोला इंग्लंडमधल्या तीन-चार जुन्या प्रशिक्षकांच्या नावावर खपवला जातो. तो कुणाचा का असेना, त्या काळचं लोकमत त्यात नेमकं उतरलं आहे.

१९९४ मध्ये डॅलसला ब्राझील-नेदरलँड्स उपांत्यपूर्व सामन्यात हे लोकमत उताणं पडलं. ब्राझीलचा मुख्य स्ट्रायकर ऑफसाइड जागेवरून सावकाश मागे चालत येत होता, जणू आपला यात काहीच संबंध नाही. चेंडू त्याच्या दिशेने आला, डच बचावपटू क्षणभर थांबले आणि दुसरा फॉरवर्ड मागून सुसाट आला. त्याने गोलकीपरला चकवून गोल केला. झेंडा खालीच राहिला. ब्राझील ३-२ ने जिंकलं. वर्षभराने नियमाची भाषा बदलून प्रत्यक्ष खेळात ‘सहभाग’ असेल तरच ऑफसाइड असं झालं. २००५ मध्ये आणखी घट्ट व्याख्या आली: खेळात हस्तक्षेप म्हणजे चेंडूला स्पर्श. त्यापलीकडे उरतो तो प्रतिस्पर्ध्याला अडथळा: त्याची नजर अडवणं, चेंडूसाठी त्याच्याशी झुंजणं आणि पुढे भर पडली त्याप्रमाणे त्याच्या खेळण्यावर उघड परिणाम होईल अशी हालचाल करणं.

या व्याख्येची खरी परीक्षा १४ जानेवारी २०२३ ला मँचेस्टर डर्बीत, म्हणजे मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड या एकाच शहरातल्या संघांच्या सामन्यात, झाली. सिटी १-० ने पुढे होतं. ७८ व्या मिनिटाला युनायटेडचा पास सुटला तेव्हा त्यांचा फॉरवर्ड स्पष्ट ऑफसाइड होता. तो चेंडूमागे धावला, चेंडू थेट त्याच्या पायांपुढे घरंगळत होता, शॉट मारणार अशीच त्याची ऐट होती, पण त्याने चेंडूला पाय लावला नाही. सिटीच्या बचावपटूंचा वेग मंदावला, गोलकीपर त्याच्याच हिशेबाने उभा राहिला. मागून आलेल्या सहकाऱ्याने चेंडू जाळ्यात मारला. सहायक पंचाचा झेंडा वर होता. मुख्य पंचाने त्याच्याशी बोलून गोल दिला आणि चार मिनिटांनी त्याच फॉरवर्डने विजयी गोल केला.

निर्णयाच्या बाजूचे म्हणतात की स्पर्श नाही, नजर अडवली नाही, झुंज नाही, म्हणजे कलम पूर्ण झालं. कागदावर ते खरं आहे. पण बचावपटू कलम पाहून धावत नाही, समोरच्या माणसाला पाहून धावतो. चेंडूसोबत इतकं अंतर पळणं ही जर ‘उघड हालचाल’ नसेल, तर ते शब्द नियमात कशासाठी घातले, याचं पटण्यासारखं उत्तर अजून मिळालेलं नाही. त्या दिवशी सिटीवर अन्याय झाला असं म्हणायला त्यांचा पाठीराखा असण्याची गरज नाही.

नंतर पारडं सिटीकडेही झुकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध अगदी शेवटी त्यांच्या बचावपटूने कॉर्नरवर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर) हेडर मारला. त्यांचाच एक खेळाडू गोलकीपरला खेटून ऑफसाइड उभा होता, पण चेंडू येण्याआधी बाजूला सरकला. आधी नाकारलेला गोल व्हीडिओ पाहून दिला गेला आणि सिटी २-१ ने जिंकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिटीविरुद्ध लिव्हरपूलच्या कर्णधाराचा हेडर जाळ्यात गेला, तेव्हा त्यांचा एक खेळाडू ऑफसाइड होता आणि चेंडू वरून जावा म्हणून गोलकीपरसमोर खाली वाकला होता. ते वाकणं सहभाग ठरलं. गोल रद्द झाला आणि लिव्हरपूल ०-३ ने हरलं. बाजूला होणारा सुटला, खाली वाकणारा अडकला. कॉर्नर बसवणाऱ्या प्रशिक्षकांना आता खेळाडूने कुठे उभं राहायचं यासोबत कुठून आणि कसं निसटायचं हेही ठरवावं लागतं.