मराठवाड्यात ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ गेम नव्वदीत का पोहोचले?

मराठवाड्यात ज्यांची शाळा १९९० च्या दशकात झाली, त्यांच्या बोलण्यात मारिओ, कॉन्ट्रा आणि टँक हे गेम हमखास ‘नव्वदीतले’ म्हणून येतात. प्रत्यक्षात यांपैकी एकही गेम नव्वदीतला नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘बॅटल सिटी’, म्हणजेच आपल्याकडचा टँकचा गेम, हे दोन्ही सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात विक्रीला आले; ‘कॉन्ट्रा’ १९८७ मध्ये गेम पार्लरमधल्या आर्केड यंत्रावर आणि १९८८ मध्ये घरगुती संचावर आला. ते लातूर, नांदेड, परभणीच्या घरांत पोहोचायला बरीच वर्षे गेली. हा उशीर मराठवाड्याच्या मागासलेपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. त्याची खरी कारणे मात्र जपानी यंत्राच्या रचनेत, तैवानच्या कारखान्यांत आणि भारताच्या आयात धोरणात सापडतात.

निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हा घरगुती संच १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येन किमतीला बाजारात आणला. त्याची कार्यकारी स्मृती (रॅम) अवघी २ किलोबाइट होती. त्याच वर्षी अमेरिकेत सुमार दर्जाच्या गेमचा पूर आल्याने तिथला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. त्यामुळे १९८५ मध्ये अमेरिकेत उतरताना निन्टेन्डोने संचात एक कुलूप-चिप बसवली, जेणेकरून कंपनीच्या परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट (गेमची चिप असलेली डबी) त्यावर चालू नये. शिवाय जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, अमेरिकन कॅसेटला ७२ केल्या. जपानी संचात असे कुलूप नव्हतेच. तैवानच्या कारखान्यांनी नक्कल केली ती याच बिनकुलपी जपानी संचाची, आणि पुढे जवळपास सगळे विद्युत मंडळ (सर्किट) एकाच चिपवर आणून ती राळेच्या काळ्या थेंबाखाली झाकली. असा संच उघडला की आत एक लहानसे बोर्ड, त्यावर तो काळा ठिपका आणि भोवती मोकळी जागा एवढेच दिसे.

भारतात त्या काळी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९९१ नंतर उद्योगांवरची बंधने सैल झाली, तरी अशा अनेक वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत टिकून होते. त्यामुळे मूळ जपानी संच आपल्याकडे क्वचितच दिसला. औरंगाबादच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जे मिळाले, ते ‘मीडिया’, ‘समुराई’ अशा नावांचे संच किंवा नाव नसलेल्या डब्यातले नकली संच. गंमत अशी की, ज्या टीव्हीला ते जोडले जात, तो व्हिडिओकॉनचा असेल तर औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यातून आलेला असण्याची बरीच शक्यता होती. जोडणीची रीत ठरलेली होती. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची पिन खोचायची, टीव्हीच्या छोट्या झाकणाआडची बारीक चकती फिरवत राहायची आणि मुंग्यांमधून चित्र स्थिर झाले की हात काढायचा. बातम्यांच्या वेळी घरातले मोठे माणूस आले की पुन्हा अँटेनाची वायर जागेवर लागे.

आपल्या वाट्याला कोणते गेम आले, हेही या नकलेनेच ठरवले. ‘बॅटल सिटी’ त्या काळात अमेरिकेत अधिकृतपणे विकलाच गेला नाही, त्यामुळे त्यात राखायच्या गरुडाभोवतीची विटांची भिंत अमेरिकन मुलांपेक्षा अंबाजोगाईच्या मुलांना अधिक ओळखीची होती, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. ‘मारिओ’चा पूर्ण गेम ४० किलोबाइटमध्ये मावे आणि ‘बॅटल सिटी’ त्याहूनही लहान होता. नव्वदीत मोठ्या क्षमतेच्या चिप स्वस्त झाल्यावर असे अनेक जुने गेम एका कॅसेटमध्ये कोंबणे सोपे झाले, आणि ‘६४ इन १’सारख्या कॅसेट त्यातूनच निघाल्या. ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम असत. तेच गेम वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून, वेगळी नावे देऊन यादी लांबवलेली असे. ‘कॉन्ट्रा’ १२८ किलोबाइटचा असल्याने तो अशा गर्दीत सहज बसत नसे.

‘कॉन्ट्रा’मध्ये ३० जीव मिळवून देणारी बटणांची युक्ती (वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए) मूळची त्या गेमची नव्हे. कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ची घरगुती आवृत्ती तयार करताना, तो गेम स्वतःलाच फार अवघड जात असल्याने चाचणीसाठी ती आत घातली आणि ती तशीच राहून गेली. बीड-जालन्यात ती कागदावरून नव्हे, तोंडोतोंडी पोहोचली.

आणखी एक फरक त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटले जाते आणि गेमची चाल त्यावरच बेतलेली असते; भारतातील टीव्हीच्या ‘पाल’ चित्रपद्धतीत हाच आकडा ५० आहे. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या नकली संचांवर जपानी गेम सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालत. आपण ऐकलेली मारिओची धून मूळ धुनेपेक्षा सावकाश होती आणि उड्या साधायला आपल्याला थोडा जास्त वेळ मिळत होता.

गेम पार्लरची कथा वेगळी असली तरी कारण त्याच जातीचे आहे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांनी आर्केड यंत्रांच्या वायरिंगसाठी ‘जामा’ हे सामाईक मानक ठरवले. त्यामुळे लाकडी पेटी, पडदा आणि दांडे तेच ठेवून आतले बोर्ड तेवढे बदलता येऊ लागले. जुनी आणि नकली बोर्डे स्वस्तात फिरू लागली, ती यामुळेच. पार्लरवाल्याला नवा गेम लावायला नवी पेटी घ्यावी लागत नव्हती.

हे घरगुती संच मागे पडले ते संगणक, सायबर कॅफे आणि नंतर मोबाइल आल्यावर. तरी काही घरांत ते माळ्यावर अजून आहेत आणि ‘मारिओ’ सुरूही होतो. बदके मारायची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाश-संवेदक तो टिपतो. हे वेळापत्रक जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर बेतलेले आहे. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो आणि त्याचा प्रकाशही वेगळ्या रीतीने पडतो, त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते.