शिखरावरून खाली: वाटाड्यांनी घडवलेली विद्या

14 जुलै 1865. आल्प्समधल्या मॅटरहॉर्नचं 4478 मीटर उंचीचं शिखर पहिल्यांदाच सर करून सात जण उतरत होते. सर्वांत पुढे होता फ्रान्समधल्या शामोनी गावचा वाटाड्या मिशेल क्रो. त्याच्यामागचा हॅडो नवखा, म्हणून क्रो आइस-अॅक्स (बर्फात वापरायची कुऱ्हाड) बाजूला ठेवून त्याचं एकेक पाऊल हाताने खडकावर टेकवून देत होता. हॅडो घसरला, क्रोवर आदळला आणि दोराने हडसन व डग्लस यांनाही खेचलं. डग्लसच्या मागे स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटचा वाटाड्या पीटर टाऊगवाल्डर होता. त्या दोघांमधला दोर तुटला. चौघे गेले.

टाऊगवाल्डरनेच दोर कापला, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी संशय त्याला चिकटलाच. हा त्याच्यावरचा मोठा अन्याय. तुटलेला दोर सोबतच्या तीन दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. शिवाय तेव्हाचे दोर आजच्या नायलॉनच्या दोरांसारखे ताणले जात नसत, त्यामुळे पडणाऱ्याचा हिसका ते शोषून घेऊ शकत नव्हते.

मुळात उतरणंच अवघड: पुढचा आधार दिसत नाही. मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांना जास्त इजा होते. त्यात चढाईचा थकवा.

वाटाड्यांनी जिवाची किंमत आधीही मोजली होती. 1820 मध्ये माँ ब्लांवर हिमप्रपातात तीन वाटाडे गेले आणि पुढच्याच वर्षी शामोनीत त्यांची संघटना उभी राहिली.

उतरण्याची खरी युक्तीही शामोनीच्याच वाटाड्याची. 1876 मध्ये पेती द्रू सुळक्यावर एकटा गेलेला जाँ शार्ले माथ्यापर्यंत पोचला नाही, पण परतताना त्याने दोर दुहेरी करून खडकाच्या टोकामागे अडकवला, त्यावरून खाली सरकला आणि एक टोक ओढून दोर सोडवून घेतला. 1879 मध्ये तो माथ्यावर पोचला. सह्याद्रीतल्या सुळक्यांवरून आपण करतो ते रॅपलिंग हेच.

यामागचं विज्ञान घर्षणाचं. घर्षण गुणांक 0.3 धरला, तर एखाद्या वस्तूभोवती एक पूर्ण वेढा घेतलेल्या दोराला एका टोकाशी दुसऱ्या टोकाच्या साधारण साडेसहा पट ताण पेलता येतो. दोन वेढ्यांत हा आकडा चाळिशीपार जातो. म्हणूनच मांडी आणि खांद्याभोवती दोर गुंडाळून उतरण्याची पद्धत चालली, आणि आजचं डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरण्याचं उपकरणही त्याच तत्त्वावर चालतं. हात सुटलाच, तर 1931 मध्ये कार्ल प्रुसिकने प्रसिद्ध केलेली गाठ असते: भार नसताना सरकते, भार येताच दोर आवळून धरते.