७८६ आणि ताऱ्याची नोट : ऑनलाइन बाजाराची पार्श्वभूमी

‘७८६ ची नोट, किंमत ३ लाख.’ अशा जाहिरातीत पहिला घोळ ‘किंमत’ या शब्दाचा. मुंबईत २००० साली बाझी.कॉम नावाने निघालेल्या आणि २००४ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने घेतलेल्या लिलाव साइटवर निदान बोली दिसायची, वस्तू कितीला गेली तेही कळायचं. ती साइट २०१८ मध्ये बंद झाली. आता हाच माल जाहिरातींच्या साइटवर आणि समाजमाध्यमांवर दिसतो, तिथे उरला तो फक्त विकणाऱ्याने टाकलेला आकडा. तो कुणी दिलाच असेल असं नाही.

नंबराचं गणित सोपं आहे. नोटेवर आधी प्रीफिक्स (अंक-अक्षरांचा छोटा गट), मग सहा आकडे. एका प्रीफिक्सच्या १० लाख नोटांत ७८६ ने संपणाऱ्या १,००० असतात, म्हणजे सलग नंबरांच्या, १००-१०० नोटांच्या १० गड्ड्यांत एक हमखास. ७८६ कुठेही चालणार असेल तर ३,९९९, म्हणजे साधारण अडीचशेला एक. ०००७८६ आणि ७८६७८६ मात्र प्रत्येकी एकच; जाणकार पैसे मोजतात ते यांचे.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘स्टार’ नोटेचा. पूर्वी छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी त्याच नंबराची दुसरी छापून घालावी लागे. २००६ मध्ये हे थांबलं: प्रीफिक्स आणि आकड्यांच्या मध्ये तारा असलेली नोट बदली म्हणून गड्डीत घालायची, सुरुवात १०, २० आणि ५० रुपयांपासून. गड्डीत १०० नोटा भरतात, पण नंबर सलग राहत नाहीत. नव्या ५०० च्या नोटेवर तारा डिसेंबर २०१६ मध्ये आला. जुलै २०२३ मध्ये ‘तारा म्हणजे बनावट’ अशी अफवा पसरली आणि मध्यवर्ती बँकेला खुलासा करावा लागला, की या नोटा पूर्णपणे वैध आहेत. गंमत अशी, की त्याच ताऱ्याला जाहिरातीत ‘अतिदुर्मीळ’ म्हणतात. तारा म्हणजे बनावट नव्हे, तसा दुर्मीळही नव्हे. त्या प्रीफिक्समध्ये ताऱ्याच्या किती नोटा निघाल्या आणि नोट कोरी आहे का, यावर मोल ठरतं. मधोमध घडी पडलेली नोट संग्राहक बहुधा परत करतो.

बनवाबनवी आकड्यांत होते: ३ चा ८ करणं, किंवा एखादा आकडा खोडून ‘छपाईची चूक’ म्हणून खपवणं. दहापट भिंगाखाली खरवडलेल्या कागदाचे तंतू उभे दिसतात. महात्मा गांधी मालिकेतल्या नोटांचे नंबर अतिनील दिव्याखाली चमकतात, त्यामुळे फेरफार केलेला आकडा इतरांहून वेगळा पडतो. नोटेवर नंबर दोन ठिकाणी छापलेला असतो; ते दोन्ही जुळवून पाहावेतच.

नाण्यांतही ‘जुनं म्हणजे महाग’ हाच समज. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच राहिलं. मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर खरं वर्ष ठिपक्यांवरून ओळखतात. जाहिरातीतल्या फोटोत ते ठिपके धड दिसत नाहीत.

आता फसतो तो विकणारा. ‘ट्रॅक्टरचं चित्र असलेली ५ रुपयांची नोट आम्ही ५ लाखांना घेतो’ असा फोन येतो. आधी नोंदणीची फी, मग कर, मग कमिशन. प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’. ऑगस्ट २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं, की आपल्या नावाने असे पैसे मागणं हा बनाव आहे, आपण अशी खरेदी-विक्री करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.